धुताना खराब

लेकीनं निगेटिव्हची पट्टी खिडकीच्या उजेडात धरली आणि डोळ्यांजवळ आणली. पाणमांजर पिल्लाला तोंडात धरून नदी ओलांडत होतं. उलट्या काळ्या-पांढऱ्यातही मिश्यांवरचे थेंब मोजून घ्यावेत इतकं स्वच्छ. हा फोटो जगात नव्हताच. निदान घरात सगळ्यांना तसंच माहीत होतं.

बाबांच्या फोटोंचं प्रदर्शन महिन्यावर आलं होतं. त्यांचे जुने निगेटिव्ह आईच सांभाळायची; तिला जाऊन चार वर्षं झाली होती, म्हणून तिचं कपाट उपसायचं काम लेकीकडे आलं. पट्टी निघाली ती आईच्या शाळेच्या दाखल्याच्या पाकिटातून. पाकिटावर आईनं तारीख घातली होती. लेकीनं आईची वही काढली. बाबांच्या प्रत्येक रोलची नोंद आई त्यात ठेवायची. त्याच तारखेला, चौदाव्या रोलपुढे, तिच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं : धुताना खराब झाला.

बाबा शाळेत चित्रकला शिकवायचे. हिवाळ्याच्या सुट्टीत आठ दिवस नदीवर जायचे आणि काठाशी गवताफांद्यांचं लपण करून त्यात कॅमेरा घेऊन बसायचे. सामान सांभाळायला कुणीतरी हवं म्हणून आई बरोबर जायची. एरवी तिला घराबाहेर पडायला सवड कुठली? तीन खोल्या, नऊ माणसं. सासूच्या औषधापासून दिरांच्या डब्यांपर्यंत सगळं तिच्याच गळ्यात. रोलही तीच धुवायची, न्हाणीघराच्या खिडकीला घोंगडी लावून.

पाणमांजराचा एक चांगला फोटो मिळेपर्यंतच जायचं, असं घरात ठरलं होतं, आणि चौदाव्या रोलच्या वर्षी ते खरंच समोर आलं होतं. घरी परतल्यावर बाबांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं होतं. आणि दुसऱ्याच दिवशी आई न्हाणीघरातून बाहेर आली ती मान खाली घालून.

पुढे किती वर्षं तिला ते ऐकावं लागलं. आत्या तर आल्यागेल्याला सांगायची की आमच्या दादानं जन्मात एकदा सोनं आणलं आणि वहिनीनं ते मोरीत ओतलं. आई ऐकून घ्यायची आणि चहा गाळत राहायची. बाबा मात्र तिला कधी एका शब्दानं बोलले नाहीत. काय सोशीक माणूस, म्हणून नातेवाइकांत त्यांचं नाव झालं. पुढच्या हिवाळ्यात त्यांनी पुन्हा पिशव्या भरल्या. असे सतरा हिवाळे गेले. पाणमांजर तसं पुन्हा आलं नाही. पण त्याची वाट बघता बघता धुक्यातले बगळे मिळाले, नदीवर उतरणारी पहाट मिळाली, आणि बाबांना लोक ओळखू लागले ते त्या फोटोंमुळे.

ते आठ दिवस लेक आत्याजवळ राहायची. नवव्या दिवशी दारात उभी राहून वाट बघायची. आई यायची ती थंडीनं ओठ फुटलेले, केसांत गवताच्या काड्या, कपड्यांना चुलीच्या धुराचा वास. मग पंधरा दिवस भाजी चिरताना गुणगुणत असायची. लहानपणी लेकीला त्या गुणगुणण्याचा राग यायचा. आज पुन्हा आला. एक माणूस सतरा वर्षं चिखलात बसून ज्याच्यासाठी झुरला, ते आईनं कपाटात दडवून ठेवलं होतं.

दोन दिवस तिनं पट्टी पर्समध्ये ठेवली. टाकून द्यावी, असंही मनात आलं. या वयात बाबांना आईबद्दल हे कळून काय मिळणार होतं? पण फोटो भिंतीवर लागण्याच्या लायकीचा होता, आणि तो काढणारा माणूस अजून जिवंत होता. तिसऱ्या दिवशी दुपारच्या चहानंतर तिनं पट्टी त्यांच्या हातात दिली.

बाबांनी ती उजेडात धरली. बराच वेळ खाली घेतली नाही.

"बाबा," ती म्हणाली, "रोल खराब झालाच नव्हता. आईनं लपवला होता."

"माहीत आहे."

तिनं विचारलं, कधीपासून?

"पहिल्या दिवसापासून. तुझ्या आईच्या हातून आयुष्यात एक रोल बिघडला नाही, तो नेमका हाच कसा बिघडेल?" बाबांनी पट्टी अलगद खाली ठेवली. "न्हाणीघरातून बाहेर आली, खराब झाला म्हणाली, आणि श्वासही न घेता विचारलं, मग आता पुढच्या वर्षी परत जावं लागेल का? मी म्हटलं, जावंच लागेल."