बावन्नाव्या मजल्याचं वजन

बावन्न मजली ऑफिस-टॉवरच्या अगदी वरच्या मजल्यावर दप्तरखाना होता. लोखंडी कपाटं चाळीस, कारकून एक. नवे साहेब आले आणि म्हणाले, "सगळं कंप्युटरवर घेतलंय. या महिन्यात तुम्ही निवृत्त होताय, तुमच्याबरोबर ही कपाटंही जाऊ देत."

"कपाटं हलवली तर टॉवर हलेल, साहेब," कारकून म्हणाला. "बांधणाऱ्याने वाऱ्याला तोल म्हणून ती वर ठेवलीत."

साहेब पोट धरून हसले. दहा कपाटं खाली गेली, वारा सुटला आणि साहेबांचा चहा कपाला मागे टाकून टेबलाच्या कडेला पोचला. कपाटं लगोलग वर आली. साहेबांनी टेबलाखालूनच टॉवरचा मूळ नकाशा मागवला. तो कारकुनानेच कपाटातून काढून दिला. कोपऱ्यात लिहिलं होतं : 'कपाटे चाळीस. कारकून एक, वजन बासष्ट किलो.'

"अहो, टॉवर साठ वर्षांचा, तुम्ही अठ्ठावन्नचे. हे कसं?"

"आधी इथे वडील होते. त्यांचंही बासष्टच."

साहेबांना घाम फुटला. "आणि तुमच्यानंतर?"

"पोरगी आहे ना माझी. पण सत्तावन्न किलोच भरते. पाच किलो चढेपर्यंत थांबतो मी, तुमच्याखातर."

याला आता सहा वर्षं झाली. साहेब दर महिन्याला जातीने चौकशी करतात आणि कारकून उसासा टाकून सांगतो, "खाते हो भरपूर, पण अंगाला लागेल तर शपथ!"