रुतलेली जोडवी

“बाई, पोटातलं बाळ जेवतं कसं?” ताडगोळ्यांच्या पैजेखातर कोकिळेनं अलिबागहून शाळेत आलेल्या डॉक्टरीणबाईंना बेधडक विचारलं. मैत्रिणी ओंजळीत तोंड लपवून खिदळल्या. बाई मात्र खूश झाल्या. “नाळेच्या टोकाला असते ती वार भरवते त्याला, आईच्या रक्तातून. पण वारच बिघडली तर तिचं विष आईला चढतं. पाय सुजतात, डोकं ठणकतं, डोळ्यांपुढं काजवे चमकतात. वेळेवर दाखवलं तर दोघं वाचतात.” पैज जिंकलेली कोकिळा ताडगोळे विसरून घरी धावली. गरोदर वहिनीची जोडवी सुजलेल्या बोटांत रुतली होती. तेल चोपडूनही निघेनात. “सातव्यात सुजतातच पाय,” आई म्हणाली. “वहिनी, काजवे दिसतात?” वहिनी दचकली. “कालपासून. तुला कुणी सांगितलं?” कोकिळेनं ओटीवरच्या वडिलांना ऐकू जाईल असं बजावलं, “अण्णा, छकडा जुंपा. वहिनीला मी आत्ता अलिबागला नेतेय. आई, तुला रागवायचंय ते वाटेत रागव!”