राणीचं बाळ

१९७१ साली बाउले लोकांच्या एका गावात चित्रकार लूकू शाळेच्या भिंतीवर पोकू राणी रंगवत होता. आपली माणसं पार जावीत म्हणून राणीने पोटचं बाळ नदीला दिलं, तो प्रसंग. चित्रासाठी राणी म्हणून उभं राहायला बायका नटूनथटून आल्या. पण चित्रातलं पोर नदी ओढून नेईल, या धास्तीने एकही आई बाळ देईना. आणि चित्र ज्यासाठी हवं होतं तो गावचा सण तर उद्यावर आलेला.

"माझा लेक कासी घे रे," आमोईन म्हातारी म्हणाली. "राणी म्हणून मीच उभी राहते."

"बाळ कुठंय, आजी?"

"तो काय, आंब्याखाली घोरतोय."

लूकू पुढे शहरात नावाजला. नदी लेकाला कधी नेते याची वाट पाहून पाहून आमोईन देवाघरी गेली. कासीला नदीने काही नेलं नाही;

भिंतीवर खुशीत हसणाऱ्या राणीच्या हातात तो आजही दाढीसकट झोपलेला आहे.