तेरवीच्या पत्रावळी
बायकोच्या तेरवीची शेवटची पंगत उठली आणि श्रावणने उष्ट्या पत्रावळी टोपल्यात भरल्या. त्याच्या धानाच्या बांधीत बोटभर मातीखाली नुसता मुरूम होता. धान लोंबीवर येण्याआधीच पिवळं पडायचं. म्हणून गावातल्या दर लग्नातल्या पत्रावळी त्याची बायको सयत्रा डोक्यावर वाहून आणायची आणि बांधीजवळच्या खड्ड्यात शेणासोबत कुजवून खत साठवायची. लोक तिला उष्टीवाली म्हणून हसायचे. मोठा भाऊ श्रावणला आडवा आला. “अबे, तेरवीचं उष्टं वावरात नेत नाही. अपशकुन होते. गावाबाहेर फेक.” “साऱ्या गावाचं उष्टं तिनं वाहिलं, दादा. तिच्या तेरवीचं काहून फेकू?” “अन् त्या मुरमात काय पिकन?” “उद्या ट्रॅक्टर येऊन राहिला. हातभर खोल नांगरतो, तिनं कुजवलेलं सारं खत त्यात टाकतो.” श्रावणने टोपलं डोक्यावर घेतलं. “वर्षश्राद्धाले साऱ्यायले घेऊन जेवाले येजो. भात त्याच बांधीचा राहीन.”