बाटल्यांची फेरी

"या बाटल्या आजच पोचवायला हव्यात, सूनबाई. उद्यापर्यंत चव उतरेल."

सासऱ्यांनी ओट्यावर तीन बाटल्या ओळीने मांडल्या होत्या. सुनेच्या हातात सासूबाईंच्या पलंगावरची ओली चादर होती, गॅसवर दूध होतं आणि सकाळपासून तिची पाठ टेकलेली नव्हती. तिने नुसती मान डोलावली आणि चादर बादलीत टाकली. बोलायलाही अंगात त्राण लागतं.

सासूबाईंनी अंथरूण धरलं आणि काही महिन्यांनी सासऱ्यांना हा नाद लागला. आयुष्यभर त्यांनी गावाला पाणी पुरवणारा पंप चालवला. घरात मात्र पेलाभर पाणी स्वतःच्या हाताने घेतलं नव्हतं. आता उतारवयात एकदम स्वयंपाकघरात शिरले. उन्हाळ्यात लिंबू-पुदिन्याचं सरबत, पाऊस लागला की आलं-मिरीचा काढा, थंडीत दालचिनी घालून उकळलेला सफरचंदाचा रस. कशातच हात बसला नाही. सरबतात मीठ जास्त, काढा कडू जहर, सफरचंदाला करपल्याचा वास. वर ओटा चिकट, गाळणी तुंबलेली, आणि भांडी घासायला ही आहेच.

नवरा लांबच्या फेऱ्यांचा ट्रक चालवायचा. तिने फोनवर कुरकूर केली तर म्हणायचा, "म्हातारपणाचा चाळा आहे गं. करू दे."

चाळा त्यांचा आणि तीन घरी बाटल्या पोचवायची पायपीट हिची. खालच्या मजल्यावर पोस्टमास्तर राहायचे. रिटायर झालेले, घरात एकटे. बाटली हातात घेता घेता ते पूर्वीच्या पोस्टातली एखादी हकीकत सुरू करायचे आणि ती काही लवकर संपायची नाही. औषधांच्या दुकानदाराची बायको म्हणायची, "चहा टाकलाय, घेतल्याशिवाय जायचं नाही." कोपऱ्यावरच्या शिवणवाल्या मावशी तर सुई-दोराच पुढे करायच्या. "ओवून दे गं जरा, मला दिसत नाही." मग बस म्हणायच्या. एकदा ती त्यांच्या खुर्चीत बसल्या बसल्या पेंगली. जाग आली तेव्हा मशीन बंद होतं आणि मावशी हातशिलाई करत होत्या.

"उठवायचं नाही का मावशी? किती उशीर झाला."

"मला हातानेच शिवायचं होतं," मावशी म्हणाल्या.

ती धावतपळत घरी यायची. सासूबाई धुतलेल्या कपड्यांत शांत पडलेल्या असायच्या. सासरे शेजारच्या खुर्चीत डोळे मिटून. हे दोघं निवांत आणि मी मेली गावभर, असं मनाशी म्हणत ती पदर खोचायची.

एका पावसाळी सकाळी सगळंच अंगावर आलं. सासूबाईंनी औषध थुंकून टाकलं, दूध उतू गेलं, कपडे वाळेनात. त्यातच सासरे काढ्याच्या बाटल्या घेऊन पुढ्यात उभे राहिले.

"बाबा, एक सांगू? हे कुणी पीत नाही. लोक मोरीत ओततात."

तिने तसं काही पाहिलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

सासरे बाटलीचं झाकण आवळत होते. "ओतू देत की."

"मग करायचं कशाला? मला नाही झेपत आता."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "जायला जड होतं का तुला?"

"होतं."

"बरं," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी बाटल्या स्वतः रिकाम्या केल्या, धुतल्या आणि पालथ्या घातल्या. पुन्हा काही केलं नाही.

सुरुवातीला तिला सुटल्यासारखं वाटलं. ओटा कोरडा राहू लागला. पण वाचलेला वेळ कुठे गेला ते कळेना. पलंगापासून गॅसपर्यंत आणि गॅसपासून पलंगापर्यंत, एवढंच जग उरलं. दिवस एकमेकांना चिकटत गेले. सासूबाईंच्या कण्हण्यावर ती खेकसायला लागली, मग मोरीत जाऊन तोंड धुवायची.

सासरे अधूनमधून म्हणायचे, "जरा पाय मोकळे करून ये."

"कुठे जाऊ? काम काय आहे माझं बाहेर?"

ते पलंगाशेजारच्या खुर्चीत जाऊन बसायचे.

थंडी सुरू झाली होती तेव्हा एका दुपारी मावशी जिना चढून आल्या. गुडघ्यांनी जेरीस आलेली बाई, दारातच धापा टाकत टेकली. सुनेने पाणी दिलं.

"किती दिवस झाले, फिरकली नाहीस. म्हटलं, आमचं काही चुकलं का?"

"छे हो. बाबांनी ते करणंच सोडलं. तुम्हीही सुटलात त्या काढ्यातून."

मावशी हसल्या. "काढा मी एकदाच तोंडाला लावला गं. जीभ दोन दिवस रुसली होती. तेव्हापासून जी बाटली यायची ती मोरीत. पोस्टमास्तरही तेच करायचे."

सून ओशाळली. आपण रागात ठोकलेली थाप खरीच निघाली होती. ती हळूच म्हणाली, "हे बाबांना कळलं असतं तर काय वाटलं असतं त्यांना."

"त्यांना न कळायला काय?" मावशींनी आतल्या खोलीकडे पाहून आवाज खाली आणला. "पहिली बाटली यायच्या आधी तेच तर घरोघर येऊन सांगून गेले. म्हणाले, 'कामाशिवाय ती उंबरा ओलांडत नाही. मी काहीबाही करून तिच्या हाती देत जाईन. तुम्ही खुशाल ओतून टाका, पण तिला घटकाभर उठू देऊ नका.'"