गुडघे टेकून बघ

“गुडघे टेक,” तोंडातल्या टाचण्या न काढताच आई म्हणाली.

मुलगी आरशासमोर उभी होती. अंगावर लग्नाचा पांढरा झगा. लग्न परवावर आलं होतं. खोलीत शिलाई मशीन, इस्त्रीचं टेबल, खिडकीला टांगलेले गिऱ्हाइकांचे कपडे आणि खुर्चीत बसलेली आत्या. आत्या बाहीला मोती लावायला आली होती. सुईत दोरा अजून ओवला नव्हता. तोंड मात्र सकाळपासून चालू होतं.

“टेकते गं. पण तो म्हणतो, कंबर अजून घट्ट हवी.”

झग्याचं कापड होणाऱ्या नवऱ्यानेच निवडलं होतं. गळा बंद हवा, असं तोच म्हणाला होता. लग्नानंतर दवाखान्यातली नोकरी सोडायची आणि चर्चमधलं गाणं बंद करायचं, हेही त्यानेच ठरवलं होतं. माणूस नाव ठेवण्यासारखा नव्हता. दारू नाही, शिवीगाळ नाही, स्वतःचं घर, दर रविवारी पुढच्या बाकावर हजर. मुलीचं वय वाढत चाललं होतं, आणि असं स्थळ पुन्हा यायचं नाही हे सगळ्यांनी तिला सांगून झालं होतं. तिलाही ते पटलं होतं. निदान ती तसं म्हणत होती.

आईने या लग्नाबद्दल एकदाही मत दिलं नव्हतं. एरवी ती शेजारच्या मांजरालाही चार शब्द सुनावल्याशिवाय जाऊ देत नसे. होणाऱ्या जावयाचा विषय निघाला की मशीनवर जाऊन बसे आणि पाय चालवू लागे. तेवढ्यात गिऱ्हाइकांचे पडदे झाले, उशांचे अभ्रे झाले.

नवरी गुडघ्यावर बसून उठल्याशिवाय या खोलीतून एकही झगा बाहेर गेला नव्हता. वेदीसमोर नवरा-नवरी गुडघे टेकतात, पाळक डोळे मिटून प्रार्थना करतात, आणि नेमका तेव्हाच कंबरेतून टर्रकन आवाज येतो. दुसरीकडे शिवलेला असा एक झगा भर चर्चमध्ये फाटताना आईने पाहिला होता. तेव्हा तिला खोकल्याचं निमित्त करून बाहेर जावं लागलं होतं. म्हणून ती कंबर तेवढी कच्च्या धावदोऱ्यावर ठेवी. नवरी गुडघ्यावरून उठली, की मग तिथे मशीनची पक्की टीप मारी.

“बाहुलीसारखी दिसतेय की, वहिनी,” आत्या म्हणाली. “टाका एकदाचं शिवून.”

“उभ्या उभ्या सगळ्याच शोभतात, वन्सं. कुठं आवळतं ते गुडघ्यावर आल्यावर कळतं.”

मुलगी गुडघ्यावर आली. हात सवयीने जुळले, डोळे मिटले. ती पुटपुटू लागली, “बापा, सगळं नीट पार पडू दे…”

“हे नको,” आई म्हणाली.

“काय नको?”

“सगळं ठरवून झाल्यावर देवाकडे नुसता शिक्का मारून घ्यायला जातेस. करू की नको, असं कधी विचारलंस त्याला? एकदा विचार. आणि मग गप्प बस. त्यालाही बोलू दे की जरा.”

“अहो वहिनी!” आत्या ताडकन उठली. “हॉल ठरलाय, केक सांगितलाय, तीन रविवार चर्चमध्ये दोघांची नावं वाचून हरकत विचारून झालीय. आता कसलं विचारायचं?”

“केकशी लग्न लावत नाही आपण. बसा खाली.”

मुलगी गप्प झाली.

इस्त्रीच्या टेबलावर तिचा फोन वाजला. होणाऱ्या नवऱ्याचाच होता. एरवी ती धावत जाऊन उचले. उशीर झाला तर का झाला ते सांगावं लागे. आज ती हलली नाही. आत्याने हात पुढे केला. आईने कात्री उचलली आणि फोनच्या शेजारी ठेवली, नुसतीच ठेवली. आत्याचा हात आपोआप मागे गेला. फोन थांबला. पुन्हा वाजला. पुन्हा थांबला.

आईने तोंडातल्या टाचण्या काढून डबीत ठेवल्या. झाकण लावलं. घाई कसलीच नव्हती.

मुलीने डोळे उघडले. रडलेली नव्हती.

“मी विचारत नव्हते,” ती म्हणाली, “कारण उत्तर ठाऊक होतं. मला त्या माणसाची भीती वाटते, आई. मी हे लग्न करणार नाही. आणि त्याला मीच जाऊन सांगणार. आत्ता. समोर बसून.”

आत्याने कपाळावर हात मारून घेतला. माणसाबद्दल बोलायची सोय उरली नव्हती, म्हणून ती झग्यावर घसरली. “आणि हा झगा? महिनाभर खडखड चालली होती मशीनची! एवढ्या पक्क्या टिपा उसवायच्या म्हणजे कापडाची चाळण होईल चाळण!”

आई उठली. मुलीच्या काखेखालची एक बारीक गाठ तिने कापली आणि दोरा ओढला. तो सरळ निघून आला. मग दुसऱ्या बाजूचा. मग खांद्याचा. झगा सुटा सुटा होत जमिनीवर उतरला, आणि आतल्या साध्या कपड्यांत उभ्या असलेल्या मुलीने छातीभर श्वास घेतला. कापडावर मशीनची टीप कुठेच नव्हती. कंबरच नव्हे, सगळा झगा कच्च्या धावदोऱ्यावर उभा होता.

आत्याने एक तुकडा उचलून उलटसुलट पाहिला. “म्हणजे तुम्ही आधीच ठरवलं होतंत! ही नाही म्हणणार, हे धरूनच बसला होतात!”

आई कापडाच्या तुकड्यांची घडी घालत होती. तिच्यामागे मशीनवर पांढऱ्या दोऱ्याचं कोरं रीळ चढवलेलं होतं, आणि सुईत दोराही ओवून ठेवलेला होता. मुलगी हो म्हणाली असती, तर संध्याकाळपर्यंत झगा पक्का झाला असता.