जोसेफीनबाईंची हाक

"मारा हाक," डॉ. सदानंद म्हणाले.

जोसेफीनबाई कुंपणाला धरून उभ्याच राहिल्या. आत ती हरणी वाळक्या गवतात तोंड घालून चरत होती. जन्मताच आई गेलेलं हे पाडस आखातातल्या समैस्मा गावाच्या पुढच्या या सरकारी प्रजनन केंद्रात बाईंनीच उन्हाळाभर बाटलीच्या दुधावर वाढवलं होतं. सदानंद सरकारकडून तपासणीला आले होते. रक्ताचा रिपोर्ट चांगला होता. राहिली होती ही एकच परीक्षा.

नियम साधा होता. हाकेला येणारं हरीण रानात सोडायचं नाही. माणसाची सवय लागली की ते सरळ कुणाच्या तरी शेळ्यांत जाऊन उभं राहतं, तिथला रोग उचलतं आणि कळपात नेऊन वाटतं. म्हणून हाक मारून बघायची, तीही ज्याने वाढवलं त्यानेच. हरणी आली, तर जन्मभर या कुंपणात. नाही आली, तर उद्या मोकळ्या वाळवंटात.

बाटलीवरची हरणं येतातच, हे सदानंदांना पक्कं ठाऊक होतं. त्यात वाढवणारी कोण, तर जोसेफीनबाई! वसईची बाई, तोंडाची टकळी सतत चालू. नळाशी बोलतील, झाडूशी बोलतील. शहरात, मदिनत खलीफा वस्तीतल्या घरी, मुलगा ट्रेवर त्यांच्या लांबलचक मराठीला इंग्रजीत एका शब्दाचं उत्तर द्यायचा. मग उरलेलं सगळं बोलणं केंद्रात येऊन व्हायचं.

चिमीची गोष्ट तर इथे सगळ्यांना पाठ होती. सदानंदांनीही ती चहाबरोबर कितीदा तरी ऐकली होती. लहानपणी वसईला, केळीच्या वाडीत, बाईंनी एक करडू वाढवलं होतं. शाळेतून येताना लांबूनच "ये गं चिमे" म्हटलं की ते बांधावरून उड्या मारत यायचं आणि फ्रॉकची कड चघळत घरापर्यंत चालायचं. किती सुखाचे दिवस होते ते! भावाच्या लग्नाच्या आदल्या दिवशी चिमी कुणालाच सापडेना. मटणासाठी तिलाच ठरवलेलं. वडील म्हणाले, "तू हाक मार." बाईंनी मारली. चिमी धावत आली. गोष्ट इथवर आली की बाई कपबशा विसळायला उठायच्या.

आज पुन्हा त्याच बाईंना हाक मारायला लावायची, याचं सदानंदांना मनापासून वाईट वाटत होतं.

"मला टाळता येत नाही, बाई. यल्ला, चला, एकदाच."

बाईंनी घसा साफ केला.

"ये गं चिमे... ये गं बाय माझी..."

आवाजात इतकी माया होती की सदानंदच नकळत पुढे सरकले. हरणीने मान वर केली. कान ताठ झाले. आणि ती उलट्या दिशेला अशी सुटली की पार पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन थरथरत उभी राहिली.

"खलास, झालं काम. पास झाली," सदानंद हसत म्हणाले. "पण कमाल आहे. उन्हाळाभर तुमच्या हातचं दूध प्यायली आणि तुमचा आवाजसुद्धा ओळखत नाही?"

बाईंनी ओढणीने डोळे टिपले.

"कुठून ओळखणार, डॉक्टर? फळीला भोक पाडून त्यातून बाटली धरायचे आणि फळीमागे तोंड मिटून बसायचे. आज पहिल्यांदाच बोलले तिच्याशी."